मुलचेऱ्याच्या कम्प्युटरचं माप

आरमोरीच्या बाजारात रफीकभाऊ पेटीवाल्याचं दुकान होतं. नावाले पेटीवाला, पण लोक त्याच्याकडं येत ते धान ठेवाच्या कोठीसाठी. पत्र्याची कोठी, अशी का तिच्यात उंदीर शिरन ना घूस. त्या दुकानात पाय ठेवला का भितीवर खिळेच खिळे, अना हरेक खिळ्याले गाठी मारलेला सुतळीचा तुकडा लटकलेला. नव्या माणसाले वाटे, हे काई मंतरलेलं हाये. मंतरलेलं काई नाई. एक गाठ दाराच्या रुंदीची, एक उंचीची, एक आतल्या वळणाची. ज्याच्या घरी कोठी जायची, त्याच्या घराचं माप.

ही रीत काई पह्यलेपासून नोहती. रफीक नवा नवा होता तवा त्यानं मुखरू नावाच्या एका शेतकऱ्यासाठी मोठी कोठी केली. आंधी विचारलं होतं, "दार मोठं हाये ना बा?"

"मोठं हाये."

"नक्की?"

"अरे, आमची म्हैस जाते त्यातून."

रफीकनं दुकानातल्या दाराच्या अंदाजानं कोठी केली, बैलबंडीवर टाकून नेली, अना मुखरूच्या दारात ती चार बोटं अडली. आडवी करून पाह्यली, उभी करून पाह्यली. म्हैस जाये हे खरं होतं, पण म्हैस मान वाकवते, अंग चोरते. कोठी थोडीच अंग चोरते. ती अंगणातच राह्यली, अना पावसाळाभर मुखरूच्या कोंबड्या तिच्यात बसल्या. कोणी विचारलं का मुखरू सांगे, "रफीकनं माह्या कोंबड्यायले बंगला बांधून देला."

त्या दिवसापासून रफीक आंधी गिऱ्हाइकाच्या घरी जाये, सुतळी लावे, गाठी मारे, अना सुतळी खिळ्याले लटकल्याबिगर पत्र्याले कातर लावत नसे.

उमेरा ही त्याची धाकटी. शाळेतली अक्षरं लिहाच्या आंधी तिले गाठी वाचता येत. कोणती सुतळी कोणाची, हे बापापेक्षा तिच्या ध्यानात राहे. पोट्टी बी.एस.सी. झाली, नागपुरात एक वर्ष कम्प्युटरचं शिकली, अना दोन हजार पाचात परत आली. लोकायनं विचारलं, काऊन आली? तिथी नोकऱ्या नाई का? ती म्हणे, "तिथी हायेत म्हणून इथी कोणी राहूच नये का?"

ती लागली बियाण्याच्या संस्थेत. शेतकऱ्यायनंच उभी केलेली संस्था, गुणवंतराव तिचे अध्यक्ष. आरमोरी, सिंदेवाही अना मुलचेरा, तीन जागी गोडाऊन. आता बियाण्याचं धान मंजे खायचं धान नोहे. ढिगाऱ्यात ऊब धरली का वरून सोन्यासारखं दिसन, पण पऱ्ह्यात, मंजे रोपं कराच्या वाफ्यात, टाकलं त उगवन नाई. म्हणून त्या ढिगाऱ्यात डब्या पुरल्या होत्या, ऊब अना ओल सांगणाऱ्या. डबीची वायर कम्प्युटरपर्यंत, अना कम्प्युटरात नागपूरच्या एका माणसानं करून देलेला प्रोग्राम.

तो प्रोग्राम कसा, त पहारेकऱ्यावानी. एका डबीपाशी जाये, "बाई, गरम झाली का?" तिचं उत्तर येतपर्यंत उभा राहे. मंग दुसरीपाशी. एखादी डबी खराब असली त तिच्याच तोंडाकडं पाहत बसे. तो फिरून येतपर्यंत पह्यली तापून मोकळी. सिंदेवाहीचा एक अख्खा ढिगारा असाच गेला.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात उमेरा गुणवंतरावले म्हणाली, "भाऊ, हा प्रोग्राम मी नवा करतो."

"तू पत्रेवाल्याची पोर. तुह्यानं होईन?"

"पत्रेवाल्याचीच हावो, म्हणून होईन."

गुणवंतराव हासले, पण बोलले सरळ. "गुरुवारी मुलचेऱ्यात सभा हाये, दोन हप्त्यानं. तवापर्यंत तिन्ही गोडाऊन बोलले त काम तुह्यं, पुढंही तुह्यंच. नाई बोलले त शुक्रवारी नागपूरचा माणूस येईन, अना मंग सारं त्याच्याच हाती जाईन. मले बियाणं वाचवाचं हाये, पोरी, तुही हौस नाई."

"बरोबर हाये भाऊ," ती म्हणाली, अना कामाले लागली.

तिनं सारं सोताच नाई लिहिलं. इंटरनेटवर लोक आपलं केलेलं काम फुकट ठेवतात, त्यातून एक घेतलं. त्याले म्हणतात इव्हेंट लूप. बाजारात चुडीवाली कशी बसते? एका जागी. ती घरोघरी जाऊन विचारत नाई. ज्या बाईले चुड्या पायजे ती येते, तिचा हात धरला, चुड्या भरल्या, का नजर पुन्हा रस्त्यावर. तसं हे. बसून राहाचं, कान उघडे. जी डबी बोलन तिचं ऐकाचं, काम कराचं, पुन्हा बसाचं. शंभर डब्या असो का दोनशे.

पण ऐकाची रीत हरेक कम्प्युटरची निराळी, त्याले आतून विंडोज चालवते का लिनक्स, त्यापरमानं. विंडोजची एक. नव्या लिनक्सची अशी का तो सोताच सांगते, एक्केचाळीस नंबर बोलली. जुन्या लिनक्सले हे येत नाई, तो सारी यादीच हातात देते, तुम्ही पाहा त्यात कोण बोललं. ज्यानं हे लूप बनवलं त्यानं साऱ्या रीती आत भरून ठेवल्या होत्या. कम्प्युटरवर ते बिल्ड कराच्या आंधी, मंजे जोडून तयार कराच्या आंधी, ते त्या कम्प्युटरलेच विचारते, तुह्याजवळ काय हाये, काय नाई? त्याले कॉन्फिगर म्हणतात. अना आपल्यालेही सांगता येते, हे ठेव, ते काढ. हे त्याचे ऑप्शन.

आरमोरीच्या ऑफिसात नवा लिनक्स. लूपनं विचारलं, नवी रीत हाये का? हाये. उमेरानं पाह्यलं, यादी देणाऱ्या जुन्या दोन रीती उगाच संगं चालून राह्यल्या. तिनं त्या बंद करून टाकल्या. प्रोग्राम हलका झाला. आरमोरीच्या साठ डब्या पह्यल्याच दिवशी बोलल्या.

मंग सिंदेवाही. तिथी विंडोज, म्हणून तिनं तिथीच बसून, त्याच कम्प्युटरवर बिल्ड केलं. डब्या बहात्तर, पण बोलल्या चौसष्टच. आठ मुक्या. गोडाऊन सांभाळाले कमलाबाई होत्या, त्या वायरी हलवून हलवून थकल्या.

"बाई, वायरी सोडा," उमेरा म्हणाली. "चौसष्ट हा आकडा त्या डब्यायचा नोहे, विंडोजचा हाये. न सांगता तो चौसष्टाच्या वर ऐकत नाई."

"मंग सांग ना त्याले."

उमेरानं ऑप्शनात आकडा दोनशे छप्पन केला, पुन्हा बिल्ड केलं. बहात्तरच्या बहात्तर बोलल्या. कमलाबाईनं तिले आंबील पाजली अना म्हणे, "इतकं सोपं होतं त दिवसभर माह्या हातायले काऊन तरास देला?"

राह्यलं मुलचेरा. तिथी हरिपदबाबू होते, बंगाली निर्वासितायच्या कॅम्पातले, गोडाऊनचे जुने माणूस, पोरीले त्यायच्या भाषेत 'मा' म्हणणारे. मुलचेरा लांब, म्हणून उमेरानं फोनच केला. "काका, तुमच्या कम्प्युटरात लिनक्स हाये का?"

"हाये, मा, लिनक्सच हाये. माह्या भाच्यानं टाकून देला."

झालं. तिनं आरमोरीचाच प्रोग्राम सीडीवर घेतला. सभेच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळच्या बसनं निघाली. गडचिरोली, चामोर्शी, मंग मुलचेरा. सीडी टाकली, प्रोग्राम चालू केला, अना पडद्यावर एकच ओळ आली: ऐकाची कोणतीच रीत सापडली नाई.

पुन्हा चालू केला. तीच ओळ.

हरिपदबाबूनं चष्मा वर केला. "काय म्हणते?"

"बहिरा हावो म्हणते."

"पण गाणे त वाजतात याच्यावर."

उमेरा हासली नाई. तिनं कम्प्युटरले त्याचं वय विचारलं. लिनक्स होता, खोटं नोहतं, पण सात वर्षं जुना. त्याच्याजवळ नवी रीत नोहतीच. अना ज्या जुन्या दोन रीती त्याले येत, त्या तिनं सोताच्या हातानं आरमोरीत काढून टाकल्या होत्या. ती खुर्चीवर मागं टेकली. लिनक्स हाये का? हाये. दार मोठं हाये का? म्हैस जाते. साऱ्या आरमोरीले ठाऊक असलेली गोष्ट, अना तिच्याच घरची.

"काका," ती म्हणाली, "मी कोंबड्यायचा बंगला बांधला."

हरिपदबाबूले काई समजलं नाई. "मंग आता? सभा त उद्या."

"उद्या हाये ना. आज नोहे."

त्या कम्प्युटरात बिल्ड कराची हत्यारं नोहती, अना मुलचेऱ्याचं नेट तीन दिवसापासून बंद. तिथी बसून काई होणार नोहतं. तिनं वहीचं पान फाडलं अना त्या कम्प्युटरले एक एक गोष्ट विचारून लिहून घेतली. लिनक्स कितवा. नवी रीत, नाई. यादीच्या दोन रीती, हायेत. एका वक्ती किती डब्या ऐकू शकते, आकडा. प्रोग्रामले लागणारं आतलं सामान कोणत्या सालचं, तेही. पान भरलं. तिनं ते घडी करून ओढणीच्या गाठीत बांधलं अना दोनची बस धरली.

आरमोरीत आली त लाइन गेलेली. लोडशेडिंग, सातपर्यंत. ऑफिस अंधारात, म्हणून ती दुकानात बापापाशी जाऊन बसली. रफीक पत्र्याले घडी घालून राह्यला होता.

"क्या हुआ, बेटा? चेहरा काऊन असा?"

तिनं सांगितलं, काई न लपवता. रफीकनं हातोडी खाली ठेवली. तिले वाटलं आता समजूत घालन. तो म्हणाला, "माही कोठी परत आणाले बैलबंडी लागली होती. तुही त ओढणीत आली. तू माह्यापेक्षा सस्त्यात सुटली."

"अब्बा, मले फोनवर एकच सवाल सुचला."

"मलेही एकच सुचला होता. पान दाखव." त्याले त्यातलं एक अक्षर समजत नोहतं, तरी त्यानं पान वरून खालपर्यंत पाह्यलं, बोट फिरवून. "आतलं वळण घेतलं का?"

"घेतलं. तेच त सालचं सामान लिहिलं ना."

"मंग जा. होते."

सात वाजता लाइन आली. उमेरानं लूप पुन्हा बिल्ड केलं. या वक्ती एकही रीत काढली नाई. ज्याच्याजवळ जे हाये ते त्यानं चालू करताना निवडावं, असं ठेवलं. प्रोग्रामले लागणारं सामानही त्याच्या संगंच असं बांधलं का मुलचेऱ्याच्या जुन्या कम्प्युटरवर काई अडू नये. मंग तिनं आरमोरीच्याच कम्प्युटरवर त्या प्रोग्रामले हुकूम केला, तुले नवी रीत येत नाई असं समज अना ऐक. साठच्या साठ डब्या जुन्या रीतीनं बोलल्या. बाप पत्रा कापाच्या आंधी सुतळी जमिनीवर मांडून पाहे, तसं हे. साडेआठले सीडी तयार झाली, अना ती घरी जाऊन पोटभर जेवली.

गुरुवारी सकाळच्या पह्यल्या बसले रफीकही निघाला. "मी हरिपदबाबूच्या कोठीचं माप घ्याले येऊन राह्यलो," तो म्हणे. हरिपदबाबूनं कोठी सांगितलीच नोहती, तरी उमेरानं त्याचंही तिकीट काढलं.

सभेले चाळीस-पन्नास माणूस होता. गुणवंतराव खुर्चीवर. "बोलते का तुह्यं मुलचेरा?"

"काल नोहतं बोलत, भाऊ. माही चूक होती, मी माप न घेता केलं. आज बोलन."

लोकायनं एकमेकाकडं पाह्यलं. सभेत चूक सांगाची कोणाले सवय नोहती. तिनं सीडी टाकली, प्रोग्राम चालू केला. पडद्यावर ओळ आली: जुन्या रीतीनं ऐकून राह्यलो. मंग खाली डब्यायचे आकडे, एक, दोन, तीन, साऱ्या अठ्ठेचाळीसपर्यंत.

"आकडे त कोणीही दाखवन," गुणवंतराव उठले. त्यायनं हरिपदबाबूच्या घरून गरम पाण्याची बाटली मागवली, पदराआड झाकून नेल्यावानी धोतराच्या सोग्यात गुंडाळली, अना एकटेच गोडाऊनात गेले. कोणत्या डबीले लावणार, कोणाले सांगितलं नाई. उमेरा उठली नाई. रफीक दाराशी सुतळी हातात धरून उभा, गाठ माराची विसरून.

गुणवंतराव अंगण ओलांडून परत येतपर्यंत पडद्यावर लाल अक्षरात डबीचा नंबर छत्तीस आलेला होता, अना पन्नास माणूस छत्तीस, छत्तीस म्हणून राह्यला होता.

गुणवंतराव उंबऱ्यातच थांबले. "छत्तीसच," ते म्हणाले. मंग खुर्चीत बसून घाम पुसला. "नागपूरले फोन लावा कोणी. म्हणा, उद्याची बस धरू नोका."

रफीकनं तवा गाठ मारली. हरिपदबाबूले म्हणाला, "तुमचं दार चांगलं रुंद हाये, बाबू. कोठी आता घ्याच लागन."

पुढं संस्थेचे आणखी चार गोडाऊन झाले, ब्रह्मपुरीपर्यंत. सारं काम उमेरानंच केलं. तिच्या ऑफिसात भितीले खिळे हायेत, हरेक खिळ्याले एका गोडाऊनच्या कम्प्युटरचं पान, अना पान अडकवाले बापाच्या दुकानातली सुतळी. पह्यल्या खिळ्यावर मुलचेऱ्याचं, ओढणीच्या घड्या पडलेलं. नव्या गोडाऊनवाल्याले ती फोन करते त अर्धा अर्धा घंटा सोडत नाई, अना फोनवर भागलं तरी सोता जाऊन पाहूनच येते. एकानं वैतागून विचारलं, "बाई, तुमाले कम्प्युटर बसवाचा हाये का पोरगी द्याची हाये?"

"द्याची असती त इतकं विचारलं नसतं, भाऊ," उमेरा म्हणाली. "आता सांगा, लिनक्स कितवा?"