ऐकणं आणि ऐकू येणं

मुलांनो, मागच्या आठवड्यात धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, देवाचं ऐकायचं कसं?" तिच्याकडच्या प्रार्थनासभेत कुणीतरी तिला म्हणालं होतं की, देवाने तुझ्याबद्दल मला काही कळवलंय. मी 'लिहून पाठवते' म्हणून फोन ठेवला, कारण मला किळस आली होती आणि ती आवाजात उतरली असती. ती पुन्हा त्या सभेला जाण्याआधी हे तुमच्या हाती पडावं.

तुम्ही इंग्रजीत वाढलात. तिथे कानावर पडणं वेगळं आणि आज्ञा पाळणं वेगळं. आपल्याकडे दोन्हीला 'ऐकणं' म्हणतात. 'पोरगी ऐकणारी आहे' म्हटलं, तर तिच्या कानांचं कौतुक नसतं. या एका शब्दावर एका माणसाने आमच्या तेलगावच्या ख्रिस्ती मंडळीत बराच व्यापार केला.

जुने पाळक थकून गावी गेले आणि हा उपदेशक आला. अंगाला अत्तराचा भपका, आणि आमची प्रार्थनेची खोली एवढीशी असून कर्णा केवढा! प्रभुभोजनाच्या टेबलावरचा पांढरा कपडा मी घरी नेऊन धुते, इस्त्री करते. पहिल्याच रविवारी त्याने चिवडा खाल्ला आणि त्या कपड्याला हात पुसले. वर मला म्हणाला, "मावशी, देव अंतःकरण बघतो, कपडा नाही." तेव्हाच तो माझ्या मनातून उतरला.

आमच्या मंडळीत ब्लाऊज शिवून लेकीला वाढवलेली एक विधवा बाई आहे. लेक नर्सिंग शिकली, बीडच्या दवाखान्यात लागली. उपदेशकाचा पुतण्या त्याचा कर्णा वाहायचा, दुसरं काही करत नसे. एका रविवारी उपदेशकाने डोळे मिटले आणि जाहीर केलं, की ही मुलगी प्रभूने माझ्या पुतण्यासाठी राखली आहे. तिने नोकरी सोडून सेवेत यावं. पुढच्या रविवारी आईने सर्वांसमोर 'आमेन' म्हणावं, की सोयरीक पक्की.

शनिवारी ती आई माझ्याकडे आली.

"बाई, प्रभूनंच सांगितलं म्हनल्यावर मी न्हाई कसं म्हनू? शाप लागंल."

"शाप लागेल हे कोण म्हणालं?"

"तेच."

"आणि लेक?"

"लई रडतीया. म्हनती, नोकरी सोडनार न्हाई."

मला तिचाही राग आला, खरं सांगते. पण तिचा चेहरा भीतीने पार उतरला होता. मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या दिंद्रुडच्या, शाळेत न गेलेल्या. प्रार्थना संपवून आम्ही उठू लागलो, की पदर धरून खाली बसवायच्या. "आपलं बोलून झालं की निघाली व्हय? पाव्हन्याला बोलू तर दे!" मग सगळे गप्प. बहुतेक वेळा त्यांनाही काही ऐकू येत नसे. कधी एवढंच आठवे, की आपण शेजारणीला टाकून बोललो. मग त्या उठून तिच्याकडे जात. शेजारणीने काय करावं, हे देवाने त्यांना एकदाही सांगितलं नाही.

आम्ही दोघी तशाच बसलो. कुकरची शिट्टी झाली, तरी मी उठले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, मला तर काय ऐकू आलं न्हाई."

"मग उद्या तेवढंच सांगा."

रविवारी उपदेशकाने माईक तिच्यापुढे धरला. "ताई, मंडळी थांबलीय. म्हणा आमेन."

तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "मला तसं काय ऐकू आलं न्हाई."

तो हसला. "तुम्ही ऐकतच नाही, तर ऐकू कसं येणार?" त्याच्याबरोबर चार जण हसले. ते हसणं मला अजून शिळ्या तेलासारखं आठवतं.

मागून एक म्हातारी ओरडली, "पुतन्याला कुनी पोरगी देईना, म्हनून प्रभूला मधी घातलं व्हय रं?"

आता हसणारे बदलले. उपदेशक लाल झाला आणि शापाचं बोलू लागला. तरी आईने आमेन म्हटलं नाही. मुलगी शेजारी उभी राहिली. "काका, प्रभूला माझा पत्ता म्हाईत हाय. मला सांगायचं तर त्यो मलाच सांगंल."

मी उठले. टेबलावरचा कपडा काढला, घडी घातली आणि घरी आणला.

तो निघून गेला, पण अर्धी मंडळी त्याच्यामागे गेली. रस्त्याकडेला त्यांनी पत्र्याचं शेड घातलंय. दर रविवारी त्याचा कर्णा आमच्या खिडकीतून आत येतो, आणि देवाच्या नावाने हुकूम सोडणारा तो आवाज ऐकून मला जेवण जात नाही. आमच्याच माणसांची नावं त्यात ऐकू येतात, त्याची जास्त किळस येते.

मुलगी बीडला नोकरीवर आहे. कपड्यावरचा त्या चिवड्याच्या हळदीचा डाग गेला नाही. तोच कपडा आम्ही अंथरतो. आता एका सतरंजीवर मावतो एवढेच उरलो आहोत. आमेननंतर अजून गप्प बसतो.