निळा राजगिरा

खुर्ची मागे झुकली आणि डोळ्यांवर काकडीच्या चकत्या आल्या, की आमच्या घाटनांदूरच्या बायका बोलायला लागतात. समोर कोण बसलंय ते दिसत नाही ना! संध्याकाळी पार्लर झाडताना केसांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. केस टोपलीत जातात, किस्से माझ्या डोक्यात साठतात. त्यातले हे काही, निळ्या स्क्रबच्या वेळचे.

*

तेव्हा निळ्या दाण्यांच्या स्क्रबला प्रचंड मागणी. जेलमध्ये बारीक दाणे नुसते चमचम करायचे. माझ्याबरोबर काम करणारी शबाना प्रत्येकीला छातीठोक सांगायची, "मोत्याचा चुरा हाय, ताई!"

एकीनं विचारलं, "मोती निळे असतात का गं?"

शबाना जराही अडखळली नाही. "महागातले असतात!"

*

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरचं. चेहरे धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडायचं नाही, घमेल्यात जमवून मागच्या कढीपत्त्याला घालायचं, हा आमच्या घरमालकीण आक्कांचा नियम. जागा त्यांची, झाड त्यांचं आणि झाडाखाली फिरणाऱ्या कोंबड्याही त्यांच्याच. त्यातली काळी कोंबडी फार लाडकी. तिच्याशी त्या दिवसभर गप्पा मारायच्या.

एका सकाळी आक्कांची हाक आली. "अगं पोरींनो, झाडाखाली राजगिरा कुणी सांडला? त्यो बी निळा!"

पाणी मातीत मुरलं होतं, स्क्रबचे दाणे वर तसेच राहिले होते. आणि काळी कोंबडी ते टिपत होती!

हे नक्की आहे तरी काय ते बघायला मी चिमूटभर दाणे गोळा करून आक्कांच्या तव्यावर टाकले. राजगिऱ्याच्या लाह्या फुटतात. हे वितळून तव्याला चिकटले आणि कॅरीबॅग जळल्याचा वास सुटला.

आक्का तव्याकडे बघतच राहिल्या. "बायांच्या तोंडाला पिशव्या घासता व्हय गं?"

त्या दिवशी कोंबडीनं ज्वारीच्या दाण्याला चोच लावली नाही. आक्का तिला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ती ज्वारी खायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निळे डबे मी त्याच दिवशी माल देणाऱ्या एजंटला परत केले. पण लग्नसराई तोंडावर आलेली, पार्लरचं वर्षाचं भाडं त्यातच निघतं, आणि बायका तर निळ्या दाण्यांसाठीच यायच्या. आता पार्लर चालतं की बंद पडतं, याची मला धास्ती बसली.

*

शबानानं मोबाईलवर बघितलं, अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब भारी असतो म्हणून. तिनं घरच्या मिक्सरला टरफलं लावली. मिक्सर गेला! जो काही भरडा निघाला तो तिनं आधी स्वतःच्या गालावर घासून बघितला. गाल लालबुंद, वर ओरखडे.

"नैसर्गिक होतं ना पण!" ती रडवेली होऊन आईला म्हणाली.

मिक्सर गमावलेली आई काय ऐकते? "खडी बी नैसर्गिकच हाय! उद्या ती घास!"

*

शेवटी जमलं ते मसुराच्या डाळीचं पीठ. डाळ हलकी भाजून, बारीक दळून, मलमलच्या फडक्यातून चाळलेलं. त्यात संत्र्याची वाळवलेली साल आणि जराशी हळद. लावताना दुधात कालवायचं.

पण बायकांचा एकच सवाल, "पीठ तर घरी बी हाय, इथं कावून यायचं?"

एक मावशी तर पिठाचा डबा घेऊनच आल्या. शेवयांच्या मशीनवर आपला रवा नेतात ना, अगदी तसंच! डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "पीठ माझं, हात तुझे. आन उरलेलं परत दे बरं का, सांजच्याला लागतंय!"

*

घरी हेच पीठ मी स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं. सासूबाईंनी त्याची धिरडी घातली. सासरे बोटं चाटत म्हणाले, "आज लई झ्याक वास हाय!"

मी त्यांना आणखी एक वाढलं. पण सासूबाईंनी डबा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अजून कर. ह्यांना सांगू नको."

*

मी हसत होते, पण गिऱ्हाईक तुटत होतं. समोरच्या पार्लरमध्ये निळे दाणे अजून मिळत होते. आमच्या गल्लीतल्या वैशालीचं लग्न पाटोद्याला ठरलेलं. नवरीसकट सगळ्या करवल्यांचं काम माझ्याकडे ठरलेलं. ते गेलं असतं तर मला कुलूपच लावावं लागलं असतं. तीही म्हणाली, "ताई, आमाला निळंच पायजे. उद्या आईला घेऊन येते, मग काय ते सांगते."

आक्कांनी मागच्या दारातून हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या येऊन थेट खुर्चीत बसल्या. आयुष्यात कधी पार्लरची पायरी न चढलेल्या आक्का!

"लाव गं मला."

"आक्का, तुम्ही?"

"कावून? मला तोंड न्हाई का?"

मी मसुराचं पीठ दुधात कालवलं, त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवर हलक्या हातानं फिरवलं. डोळ्यांवर काकडी ठेवली, तोच वैशाली आणि तिची आई दारात. आणि त्यांच्या पायांमधून वाट काढत काळी कोंबडी आत! टुणकन ट्रॉलीवर चढली आणि पिठाच्या वाटीत चोच घातली.

शबाना टॉवेल घेऊन धावली, "हाऽड! हाऽड!"

काकडीखालून आक्का शांतपणे म्हणाल्या, "खाऊ दे गं तिला. आता भ्याव न्हाई."

वैशाली दारातून कोंबडीकडे बघत उभी राहिली. मग तिनं चपला काढल्या, शेजारच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तिनं संपवायच्या आत मला लावा."