राखेतलं पाऊल

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकी सगळं बोलले. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे माझं तोंड उघडलं असतं का? नसतं.

कोंबड्यांची गोष्ट आहे. हसू नका.

इंग्रजांचा अंमल होता, लढाईची वर्षं. नागपूरच्या दक्षिणेला बेसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची वस्ती. मागे नाला, नाल्यापलीकडे संत्र्यांची बाग. नवरा गिरणीत. परसात माझ्या आठ कोंबड्या, त्यांची अंडी कामठीच्या छावणीत जायची. अंडी नेणारा माणूस म्हणायचा, "बाईची अंडी मोठी असतात हो." तेवढ्यावर मी आठवडाभर खूश. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं होतं तरी काय?

शेजारी अंजना राहायची. विधवा बाई, पदरात एक पोर — कौशी, सहा-सात वर्षांची. वस्तीतल्या बायका आपली खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी अंड्यांसकट अंजनाकडे उबवायला देत. पिल्लं निघाली की निम्मी मालकिणीची, निम्मी तिची. त्यावरच त्या मायलेकींचं पोट चालायचं. आणि हाताला यश किती मेलीच्या! तिच्याकडे बसवलेलं अंडं सहसा वाया जात नसे. माझी मात्र निम्मी नासायची. हे मला सलायचं. चांगलंच सलायचं.

उन्हाळ्यात आम्ही सगळे समोरच्या अंगणात बाजा टाकून झोपायचो. कोंबड्या मागे परसात, डालग्याखाली — बांबूची मोठी टोपली पालथी घालायची अन् वर फुटका पाटा ठेवायचा. एका सकाळी पाटा जागच्या जागी, डालगं जागच्या जागी, आणि एक कोंबडी कमी! दहा-बारा दिवसांनी दुसरी गेली. मग तिसरी. कोल्हा असता तर डालगं उलथलं नसतं? पायांच्या खुणा दिसल्या नसत्या?

खुणा कशा दिसतील? रोज उठले की मी आधी परस झाडायचे, शेणाचा सडा टाकायचे आणि मगच डालगं उचलायचे. जमिनीवर जे काही उमटत असेल, ते माझ्याच हातानं पुसलं जात होतं. पण हे तेव्हा डोक्यात यावं ना! डोक्यात अंजना बसली होती.

तिच्या चुलीवरून मसाल्याचा वास आला की मी कुडाला नाक लावून उभी. तिच्या उकिरड्यात पिसं दिसली — कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या उकिरड्यात पिसं नाही तर काय मोती असणार? तरी मी काडीनं उलटसुलट करून पाहिली, रंग जुळतो का म्हणून. कौशीचे गाल का वर आलेत? अंजना आपल्याशी बोलताना खाली का बघते? आणि तिची एकही कोंबडी कशी जात नाही? ती आपल्या कोंबड्या घरात, बाजेखाली ठेवायची. आमच्या सासूबाईंना घरात कोंबडी चालत नसे. एवढं साधं होतं ते.

शेवटी एक दिवस विहिरीवर चार बायकांत मी बोलून गेले, "कोल्ह्याले हात कधीपासून फुटले वं?" बोलताना अंजनाच्या घागरीकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं. तिलाही.

सासूबाई म्हणाल्या, "डालग्याभवती राख टाकून ठेव. चोर असन तं पाय उमटन."

तीन दिवस राख कोरी राहिली. चौथ्या दिवशी उजाडता-उजाडता मी खराटा घेऊन मागे गेले, आणि — राखेत पंजे होते. लहान, नखांसकट. नाल्याकडून आलेले, नाल्याकडेच गेलेले. भिंतीच्या बाजूनं डालग्याखाली माती उकरलेली होती. कोंबड्याच पायांनी उकरतात, असं समजून मी तिकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. चौथी कोंबडी गेली होती. कोल्ह्यानंच नेली होती.

मी काय करायचं होतं, सांगा? सासूबाईंना हाक मारायची होती. विहिरीवर त्याच चार बायकांत "मी चुकले" म्हणायचं होतं. तिथंच मी अडले. बायका हसल्या असत्या. सासूबाई म्हणाल्या असत्या, इतके दिवस डोळे फुटले होते काय! बस, एवढंच झालं असतं. माझा जीव जाणार नव्हता.

मी खड्डा बुजवला. पंजे तळहातानं सारखे केले. आणि मग — मग मी माझा उजवा पाय त्या राखेवर ठेवला, दाबला आणि उचलला. बाईचं पाऊल. पाची बोटं स्वच्छ. आणि मग हाका मारल्या.

वस्ती गोळा झाली. कुणीतरी अंजनाला बोलावून आणलं. कौशी तिच्या पदराला धरून उभी. आणि मीच म्हणाले — दुसऱ्या कुणी नाही, मीच — "नाही नेली नं? मंग ठेव पोरीच्या डोक्यावर हात." आमच्याकडे त्यापुढे बोलणं संपतं. खोटी शपथ घेतली तर लेकरावर येतं, असं सगळेच मानत. मीही मानायचे. मानत होते, तरी म्हणाले.

अंजनानं राखेतल्या पावलाकडे पाहिलं. मग माझ्या पायाकडे. माझ्या टाचेला राख तशीच होती. तिला कळलं — माझी खात्री आहे. पण तिचं कोण ऐकणार होतं? "वयनी, कोंबडीपायी मी लेकराची शपथ नाही घेत," ती म्हणाली. "तुमाले वाटते तं चोर म्हणा मले." आणि कौशीला घेऊन निघून गेली.

शपथ घेतली नाही, म्हणजे कोंबडी हिनंच खाल्ली! लोकांचा निवाडा झाला. दोन दिवसांत बायकांनी आपापल्या खुडूक कोंबड्या अंड्यांवरून उठवून नेल्या. अर्धी उबलेली अंडी तशीच गार पडली. पुढे तिला कुणी कोंबडी दिली नाही. पावसाळा लागायच्या आत ती खाप्याला भावाकडे गेली. भावाच्या दारात विधवा बहीण पोरीसकट कशी राहते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

ती गेल्यावर मी चोरांची भीती घालून सासूबाईंचं मन वळवलं आणि कोंबड्या घरात घेऊ लागले. त्यानंतर एकही गेली नाही. वस्ती म्हणाली, पाहा, अंजना गेली अन् चोरी थांबली.

पुढे कितीतरी वर्षं वस्तीत कुणाची कोंबडी नाहीशी झाली, की विहिरीवर कुणीतरी म्हणायचं, "अंजना येऊन गेली काय वं?" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.