मावशीचं नाव

"तुझी माणसं कोण?"

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या प्राथमिक शाळेत नवीन मूल आलं की बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसत आणि हे विचारत. कुणी आईबापांची नावं सांगे, कुणी आजीचं. एकाने मांजराचं सांगितलं, तेही बाईंनी मान्य केलं. मी त्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून लागले तेव्हा माझीही सुटका झाली नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. तुम्हीच सांगा, 'कुठले तुम्ही?' विचारून आडनावावरून गाव आणि गावावरून नातं काढल्याशिवाय आपल्याकडे चहा तरी कोण पुढे करतं?

बाई ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी. हे कळल्यापासून आमच्या हेडबाईंना त्या दिसल्या की बूमरँग आठवे. "संस्कृती सप्ताहाला एखादं आणाल का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "मी ते टीव्हीवर पाहिलंय. चालेल?"

सगळे हसले, मीही हसले. नंतर रंगाच्या बाटल्या आवरताना बाईंनी मला खरं ते सांगितलं. त्यांच्या आईला लहानपणी सरकारी माणसांनी घरातून उचलून नेलं होतं, गोऱ्यांसारखं वाढवायला. पुढे आईला ना भाषा आठवली, ना गाव. ती वारली, आणि शाळेतल्या झाडून सगळ्यांना माणसं विचारणाऱ्या बाईंना स्वतःची माहीत नव्हती. त्या अनेक वर्षं शोधत होत्या.

मग एका हिवाळ्यात तिकडच्या पंतप्रधानांनी अशा पळवलेल्या मुलांची संसदेत माफी मागितली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंना फोन आला. आईची थोरली बहीण जिवंत होती. मी त्यांना आपली म्हण सांगितली, माय मरो पण मावशी जगो. ती त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली.

"आमच्यात मावशीला आईच म्हणतात म्हणे," त्या म्हणाल्या. स्वतःच्याच माणसांची रीत सांगताना त्यांना 'म्हणे' म्हणावं लागत होतं.

मावशीला फोनवर ऐकू येत नसे. तिच्या मुलीने निरोप दिला, "ये. शेजारी जमिनीवर बसलीस की सगळं सांगेन म्हणते." बाईंनी उन्हाळी सुट्टीचं तिकीट काढलं आणि वर्गाला मावशीचं नाव शिकवलं. वर्गातल्या एका मुलीचंही तेच नाव. ती पोरगी तर नुसती शेफारून गेली.

जूनमध्ये मावशी वारली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना गोल बसवलं. आमच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ कुणी घेत नाही, त्या नावाचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही वेगळ्या नावाने हाक मारतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनाही ते आदल्या दिवशीच फोनवर कळलं होतं. मावशीच्या नावाच्या त्या पोरीला 'प्रिन्सेस' व्हायचं होतं. वर्गाने 'रॉबिन' ठरवलं.

हेडबाईंना ते पटेना. "सहा वर्षांची पोरं ही, घोळ होईल," त्या म्हणाल्या.

"माझ्या माणसांची एवढी एकच रीत माझ्या हाती लागलीय," बाई म्हणाल्या. "ती पाळू द्या."

माझ्या सासूबाई सासऱ्यांचं नाव घेत नसत, आणि तेच नाव ठेवलेल्या नातवाला त्यांनी जन्मभर 'बाळ' म्हटलं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बाई अंत्यविधीसाठी तिकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मावशी जे सांगणार होती ते दुसऱ्या कुणी त्यांना सांगितलं का, मला कधीच कळलं नाही. मला अजून त्यांची आठवण येते.

त्या निघाल्यानंतरच्या सोमवारी बदलीवरच्या बाई आल्या आणि हजेरी वाचू लागल्या. "येस मिस, येस मिस" चाललं होतं. मग त्यांनी ते नाव वाचलं. वर्ग चिडीचूप झाला. त्यांनी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. ती मुलगी अगदी त्यांच्या पायाशी, गालिच्यावर मांडी घालून बसली होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. एकाही पोराने तिच्याकडे बोट दाखवलं नाही. नव्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही काही बोलले नाही.

त्यांनी तिची गैरहजेरी लावली.