पाटाकडची रांग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी डबे भरत होते. फोनवर माझा भाचा संजय होता. "आत्या, दादा गेले," एवढंच म्हणाला. आमच्याकडे त्याला सगळेच दादा म्हणायचे, त्याचा मुलगासुद्धा. चहा घेऊन ओट्यावर बसला आणि बसल्या बसल्याच गेला. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि सवयीने वही ओढली. माझं असंच आहे, कसलाही प्रसंग असो, वही लागते. कुणाकुणाला कळवायचं याची यादी करायची म्हणून पहिला आकडा घातला आणि पुढे लिहिलं, 'दादा'. घरात काहीही झालं की पहिला फोन त्याला, ही इतक्या वर्षांची सवय... ते नाव खोडलं नाही. तसंच ठेवून खाली दोनपासून सुरुवात केली.

निवृत्ती, माझा मोठा भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मखमलाबादच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे, ती त्याने उभी केली. आमचे वडील, अण्णा, गेले तेव्हा मी अकरावीत होते. छातीत दुखायला लागलं म्हणून टेंपोत घालून शहराकडे निघालो. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखाना आला, पण अण्णा त्याआधीच गेले होते. त्यानंतर मला शिकवलं ते दादाने. मी नाशिकमध्ये सून म्हणून आले, एका शाळेच्या कार्यालयात लागले, आज तिथे मुख्य लिपिक आहे. माझ्या याद्यांची त्याला भारी गंमत वाटायची. त्याच्या मुलीच्या लग्नात मी अकरा पानांची यादी केली होती. ती हातात तोलून तो व्याह्यांना म्हणाला, "आमची शोभी हाय म्हणून बरंय. नाय तर नवरदेव आणायचाच राहून जायचा."

पण त्याचीही एक शिस्त होती, आणि ती मला त्या काळात अजिबात पटत नसे. नव्वदच्या दशकात द्राक्षवाल्यांकडे सल्ला देणाऱ्यांची रांग लागलेली असायची. मोटरसायकलवरून एक जण यायचा, पानं उलटीपालटी करून औषध सांगायचा. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणायचा, ते मारू नका, हे मारा. दादा दोघांनाही चहा पाजायचा, दोघांचंही ऐकायचा आणि एक नवं औषध बागेवर मारायचा, पण पाटाच्या कडेची शेवटची रांग सोडून. ती कोरी ठेवायची. औषधाने खरंच फरक पडला की आपोआपच बाग सुधारली, हे त्या रांगेवरून कळतं, असं त्याचं म्हणणं. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, एवढी द्राक्षं वाया घालवतोस!" तर म्हणाला, "वाया नाय गं. बाकी सगळे मला काहीतरी विकायला येत्यात. ही एकटीच खरं सांगती."

२००३ च्या नोव्हेंबरात त्याच्या छातीत दुखायला लागलं. बांधावरून चालताना छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, थांबलं की जायचं. महिनाभर तो सोडा पीत राहिला आणि पित्त म्हणत राहिला. वहिनींनी मला शाळेत फोन केला, "वन्सं, हे बैलासारखे मधीच थांबतात." मी दुसऱ्याच दिवशी त्याला आणलं. तपासण्या झाल्या, अँजिओग्राफी झाली. एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. कागदावर हृदयाचं चित्र काढून त्यांनी सगळं समजावलं. आठवड्याच्या आत स्टेंट टाकून घ्या म्हणाले. दादा चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, पंधरा दिवसांनी बागेत पाणी उतरंल मण्यांत, गोडी भरंल. फेब्रुवारीत माल निघंल. मग टाकली ती स्प्रिंग तर?" डॉक्टर म्हणाले, "काका, बाग दर वर्षी येते."

शाळेतल्या एका सरांनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. हे वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी दादाला पाऊण तास तपासलं. किती चाललं की दुखतं, बसल्यावर दुखतं का, रात्री दुखतं का, असं परत परत विचारलं. मग म्हणाले की, विश्रांतीत दुखत नाही, दुखणं वाढत नाही, मुख्य रक्तवाहिनीला धोका नाही. तंबाखू बंद, गोळ्या सुरू, रोज चालणं, तीन महिने बघू. दुखणं राहिलं किंवा वाढलं तर स्टेंट टाकूच. उठता उठता ते आणखी एक वाक्य बोलले, "स्टेंटने यांचं दुखणं जाईल. पण त्याने आयुष्य वाढेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

घरी आल्यावर मी फुलस्केप कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'टाकावा', उजवीकडे 'थांबावं'. डावीकडे नऊ मुद्दे झाले, उजवीकडे चार. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मी लिहिलं नाही. विसरले नव्हते. लिहायला गेले आणि टेंपोतला तो रस्ता आठवला... पेन उचललं आणि कागदाखाली तारीख टाकली.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दादाने चष्मा लावून तो कागद वाचला. वहिनी शेजारी लसूण सोलत होत्या.

"लय सुबक काढलंय," दादा म्हणाला. "पण त्या म्हाताऱ्या डॉक्टरचं शेवटचं बोलणं कुठं गेलं?"

मी पेनचं टोपण लावलं.

"ते बोलले तवा मी काय भिंतीकडं तोंड करून बसलो व्हतो का, शोभे?"

"मला भीती वाटली," मी म्हटलं.

"मग तसं लिही. भीतीचा बी मुद्दा असतो. पण त्यांचं बोलणं खाऊ नको."

मी दोन्ही लिहिलं. उजवीकडे डॉक्टरांचं वाक्य, डावीकडे 'शोभाला भीती वाटते'. त्याने ते परत वाचलं. मग वहिनींना विचारलं, तुझं काय? त्या म्हणाल्या, "मला तर दोन्ही डॉक्टर खरेच वाटले." दादा हसला, पण मग बराच वेळ टेबलावरची सालं गोळा करत राहिला. म्हणाला, "बागंत एक रांग सोडून बघता येतं. इथं तशी सोय नाय. दोन निवृत्ती असते, तर एकाला स्प्रिंग बसवली असती, एकाला गोळ्या दिल्या असत्या आन् बघितलं असतं आधी कोण जातो." वहिनींनी त्याच्या हातावर चापट मारली.

शेवटी त्याने शेतकऱ्याच्या पद्धतीनेच ठरवलं. छाटणी एकदा केली की काडी परत जोडता येत नाही, गोळी उद्या बंद करता येते. तर जे मागे घेता येतं ते आधी. मी हट्ट सोडला, पण अटी घातल्या आणि कागदावर घेतल्या. बसल्या जागी दुखलं तर त्याच तासाला दवाखाना. जिभेखालची गोळी कायम खिशात. आणि रोज संध्याकाळी पाटाकडच्या रांगेने चालायचं, किती खांब झाल्यावर दुखलं ते वहीत लिहायचं. त्या रांगेला दगडी खांब तीस. जाताना तीस, येताना तीस. लिहिलेल्या आकड्यापुढे वहिनींची सही हवी. वहिनी बचत गटामुळे नुकत्याच सही करायला लागल्या होत्या, त्या एकदम ताठ बसल्या. वयस्कर डॉक्टरांना मी ती वही दाखवली तेव्हा ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, "असं पेशंटबरोबर येणारं माणूस मला रोज मिळत नाही." तरुण डॉक्टरांना मात्र निर्णय पटला नाही. पण दुखणं वाढलं तर वेळ न बघता या, असं त्यांनीही बजावलं.

पहिल्या दिवशीचा आकडा चौतीस. परत फिरून चार खांब आला की छाती धरायचा. तंबाखूची पुडी त्याने स्वतः पाटात सोडली आणि आठ दिवस सगळ्यांवर खेकसत राहिला. संक्रांतीपर्यंत साठ झाले. जानेवारी संपता संपता तो दोन फेऱ्या मारायला लागला, एकशे वीस खांब, दुखणं नाही. दर रविवारी मी जाऊन वही तपासायची. तो मुलांनी गृहपाठ दाखवावा तशी पुढे करायचा. मला वाटायला लागलं, जमलं!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गेले तर बागेत तोडणी चालू होती. व्यापाऱ्याची गाडी उभी होती, शेडमध्ये बायका घड साफ करून पेट्या भरत होत्या. मी वही उघडली. गुरुवार, एकशे वीस. शुक्रवार, एकशे वीस. शनिवार, एकशे वीस. तिन्ही दिवस सही नाही.

"वहिनी, सही राहिली का?"

वहिनींच्या हातातली कात्री चालूच होती. मान वर न करता म्हणाल्या, "राहिली नाही. मला एकशे वीस दिसले नाहीत."

दादा पेटीला कागद लावत होता. तो तसाच वाकून थांबला. "गाडी भरायची व्हती," म्हणाला. "चार दिवसांचा प्रश्न..."

"किती दिसले?" मी वहिनींना विचारलं.

"अठ्ठावीस."

एक लांबीसुद्धा पुरी नाही. मी वही मिटली. दादाने पेटी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू एक वाक्य गाळलंस, मी तीन दिवस गाळले," म्हणाला. "मी तुझ्या जरा पुढं गेलो म्हण. चल, कधी टाकायची ती स्प्रिंग?" मग वहिनींकडे बघून हळूच म्हणाला, "तुला सही शिकवली ते चुकलंच बघ." वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या.

गाडी भरायला संजय थांबला. आम्ही तिघं त्याच दुपारी नाशिकला आलो. वयस्कर डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं कारण उरलं नाही. तरुण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्टेंट टाकला. दोघांनीही 'मी म्हटलं होतं' हे म्हटलं नाही, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

पुढची जवळजवळ सहा वर्षं दादा त्या रांगेने रोज चालला. दाराला दिलेल्या निळ्या ऑइलपेंटचा उरलेला डबा घेऊन त्याने खांबांवर आकडे घातले. जाताना दिसतील असे एक ते तीस आणि त्याच खांबांच्या मागच्या अंगाला, येताना दिसतील असे, एकतीस ते साठ. आकडे वेडेवाकडे, सात तर प्रत्येक ठिकाणी वेगळा. पाहुणा आला की त्याला आधी बाग नाही, हे आकडे दाखवायचा. वहिनी रोज चार पावलं मागे असायच्या.

दहाव्याला घाटावर आमच्यातले एक जण म्हणाले, डिसेंबरातच स्प्रिंग टाकली असती तर काळीज एवढं दमलं नसतं. दुसरे म्हणाले, ती लोखंडाची वस्तू आत गेलीच नसती तर बरं झालं असतं. मला प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण हवी असते, आणि हे एक असं काम आहे की ज्यापुढे ती कधीच पडणार नाही. आम्ही थांबलो ते बरोबर की चूक, टाकली ते लवकर की उशिरा... सांगायला दुसरा निवृत्ती नाही. तोडणी, पेट्या, नातीचं बारसं, तिला खांबांवरून शिकवलेले आकडे, एवढं मिळालं, हे मात्र मी लिहून ठेवलं आहे.

मागच्या रविवारी बागेत गेले होते. छाटणीआधी संजयला जुने दगडी खांब काढून लोखंडी अँगल बसवायचे आहेत. खांब वाकलेत, तारांचा ताण धरत नाहीत, त्याचं बरोबर आहे. त्याने मला यादी करायला बसवलं होतं. वहिनी म्हणाल्या, आधी चक्कर मारून येऊ. आम्ही पाटाकडच्या रांगेने निघालो. वहिनी अठ्ठाविसाव्या खांबाशी थांबल्या, आकड्यावर तळहात ठेवला. "इथं खाली बसले होते," म्हणाल्या. "घामाने भिजलेले. मला म्हणाले, शोभीला सांगू नको. मी म्हटलं, सांगणार नाही. पण सही करणार नाही." मग आम्ही तिसापर्यंत गेलो आणि मागचे आकडे बघत परत आलो.

ओट्यावर संजय फूटपट्टी घेऊन बसला होता. "आई, सगळ्या चोवीस रांगा एकदमच घेऊ ना?"

"पाटाकडची सोड," वहिनी म्हणाल्या.

"अगं, एकाच रांगेला दगडी खांब कसे दिसतील?"

"तुझे दादा सोडायचे ना एक? तेवढी सोड."

संजय माझ्याकडे बघायला लागला. मी वही मांडीवर घेतली, चोवीस खोडलं आणि तेवीस लिहिलं.