बरोबरची खूण

मी एका आंधळ्या माणसाचे कान बिघडवले, आणि मुद्दाम बिघडवले. मी स्वतःही आंधळी आहे. त्यामुळे माझा गुन्हा डोळस माणसाच्या गुन्ह्यापेक्षा मोठा ठरतो, असं तो मला म्हणाला होता. असेल. पण आधी त्यानं काय केलं ते सांगते.

मी नागपूरपलीकडच्या सौसरची. वडील नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. माझी नजर लहानपणापासून अधू, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला जे काही धूसर उरलं होतं तेही गेलं. मग मी लॅपटॉप कानांनी वापरायला शिकले. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो, पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. बातमी असो, पत्र असो, घडाघडा वाचतो. पण मला प्रोग्रामिंग करायचं होतं, आणि कोड वाचायची वेळ आली की हाच शहाणा एकदम निर्बुद्ध होतो. कंस गाळतो. ओळ किती आत सरकवली आहे ते सांगत नाही. ज्या एडिटरमध्ये कोड लिहायचा तो दर अक्षराला सूचना पुढे करतो, आणि स्क्रीन रीडर त्या सूचना माझ्याच शब्दांवर चढून बोलतो.

आठ महिने मी त्याच्या मागे लागले. सूचना बंद केल्या, मी कळ दाबेन तेव्हाच याव्यात असं केलं. आत सरकलेल्या ओळीला सूर दिला, जितकी आत तितका वरचा. मग चिन्हांची यादी उघडली. कुठल्या चिन्हाला काय म्हणायचं हे स्क्रीन रीडरला आपण शिकवू शकतो. त्याची इंग्रजी नावं इतकी लांब, की ती ऐकता ऐकता ओळीचा अर्थच निसटायचा. म्हणून मी आमच्या घरातले शब्द घातले. महिरपी कंस उघडला की ‘उघड’, मिटला की ‘झाक’. बरोबरची खूण एकटी आली की ‘ठेव’, कारण डब्यात वस्तू ठेवावी तसं तिचं काम असतं. दोन खुणा शेजारी आल्या की ‘सारखं का?’, कारण तिथं प्रोग्राम विचारत असतो की या दोन गोष्टी सारख्या आहेत का.

आवाजही घरचेच घेतले. कोडमध्ये चूक सापडली की पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडल्याचा आवाज. आईकडून मी ते चारदा पाडून घेतलं.

“काहून पाडाले लावून राहिली व माय ते?” आई म्हणाली. “पोचे पडतीन ना त्याले.”

फाइल सेव्ह झाली की आमच्या पुढच्या दाराची कडी. ती लागताना आधी एकदा अडखळते आणि मग बसते. तसंच रेकॉर्ड केलं, अडखळण्यासकट.

ज्याचे कान मी बिघडवले, तो शेजारच्या पांढुर्ण्याचा. घरचं कापडाचं दुकान, जन्मापासून दृष्टी नाही, वयानं माझ्याएवढाच. आम्हा दृष्टिहीन पोरापोरींचा फोनवर एक गट होता, तिथं ओळख झाली. “मले कोड ऐकूच येत नाही ना,” तो म्हणाला. “तू जमवलं म्हणतात. शिकवते का?” मी हो म्हटलं. मंगळवारी आणि शनिवारी जामसांवलीच्या देवळाला जाणाऱ्यांच्या गर्दीनं बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्यानं बुधवार धरला. चार महिने दर बुधवारी तो आमच्या घरी आला.

पहिल्या दोन बुधवारी आईनं जेवायला वाढलं तर त्यानं ‘उपास आहे’ म्हणून सांगितलं. आम्ही बौद्ध, असले उपास आम्हाला ओळखता येतात. तिसऱ्या बुधवारी जेवला. नंतर नंतर तर भाकर मागून घ्यायचा. पहिल्या दोन बुधवारांचं आईनं काही मनात ठेवलं नाही. मी ठेवलं.

तरी शिकवताना हात आखडला नाही. माझी सगळी जुळवाजुळव, शब्द, सूर, आवाज, एका फाइलमध्ये बांधून त्याच्या लॅपटॉपवर घातली. तो चटकन शिकणारा होता. खोड एकच. ओळ एका दमात ऐकायची आणि पुढं जायचं. अक्षर अक्षर करून ओळ तपासायचा त्याला कंटाळा. मी दहादा सांगितलं असेल. “मले कायले तपासा लागते,” तो म्हणायचा, “तुह्यं सेटिंग सांगते ना बरोबर.”

उन्हाळ्याच्या शेवटी नागपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात आम्हा लोकांसाठी दिवसभराचं शिबिर होतं. मला ताप होता, मी येत नाही असं त्याला कळवलं. पण सकाळी ताप उतरला आणि बाबांनी मला बसनं नेलं. पोचायला उशीर झाला. सभागृहात मागच्या रांगेत आम्ही गुपचूप बसलो. व्यासपीठावर कुणी तरी लॅपटॉपवर काही करून दाखवत होतं.

आणि मोठ्या स्पीकरमधून आमच्या दाराची कडी वाजली.

आधी अडखळली, मग बसली. बाबांनी दचकून माझा हात धरला. त्यांनीसुद्धा ओळखली. मग झाकण पडलं. मग ‘उघड’. मग ‘झाक’. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केंद्राचे सर माइकवर विचारत होते, “हे सगळं तयार करायला किती दिवस लागले?”

“आठ महिने, सर.” त्याचा आवाज. माझे आठ महिने त्यानं आकड्यासकट उचलले होते.

“एकट्यानं?”

“तशी सौसरची एक मुलगी आहे, सर. टायपिंगला मदत करते.”

तो खोटारडा माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता आणि मी समोर बसले आहे हे त्याला दिसणार नव्हतं. डोळस माणसानं असं बोलण्याआधी निदान एकदा सभागृहावरून नजर फिरवली असती. बाबा उठायला लागले. मी त्यांना ओढून खाली बसवलं. मी उठून ओरडले असते तर काय झालं असतं? ‘दोघांचं काही तरी भांडण दिसतं’, एवढंच. जेवणाच्या सुट्टीआधीच आम्ही निघालो. बसमध्ये बाबा एकदाच बोलले, “टायपिंग म्हणते भोकनीचा.” बाबांच्या तोंडून मी शिवी ऐकली ती तेवढीच.

मी त्याला काही बोलले नाही. पुढच्या बुधवारी तो आला, शिबिर ‘ठीकठाक’ झालं म्हणाला, भाकर मागितली. मी वाढली. राग एखाद्याच्या अंगात पेटतो, माझ्या अंगात तो गोठला. मी थांबले.

गोटमारीच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. चुलत भावाच्या कपाळाला टाके पडले ते सांगून झालं आणि मग तो मुद्द्यावर आला. नागपूरच्या केंद्रात एका कंपनीची परीक्षा होती, तिच्यातून नोकरीला घेणार होते. परीक्षेला कोण बसणार ती नावं सरांनी निवडली होती, शिबिरात चमकलेल्यांची. त्याचं होतं. टायपिंगला मदत करणारीचं नव्हतं.

“दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून चुका शोधा लागते,” तो म्हणाला. “तुह्या नवीन फाइलीत सूर सुधारले म्हणे. पाठवून देते का?”

“देते ना,” मी म्हटलं.

कोडमधल्या चुका शोधायच्या परीक्षेत एक चूक बहुतेक हमखास असते. जिथं प्रश्न विचारायचा तिथं बरोबरच्या दोन खुणा हव्यात, आणि लिहिणाऱ्यानं एकच टाकलेली असते. प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट्यानं चालतो आणि चुकीचं उत्तर देतो. डोळसांना ती खूण दिसते. आम्हाला ती ऐकू यावी लागते. ‘सारखं का?’ असायला हवं तिथं ‘ठेव’ ऐकू आलं, की चूक सापडली.

मी फाइलमध्ये एक नियम घातला. ज्या ओळीची सुरुवात ‘जर’ अशा अर्थाच्या शब्दानं होईल, तिथं खूण एकच असली तरी ‘सारखं का?’ म्हण. बाकी सगळीकडे पूर्वीसारखंच बोल, म्हणजे त्याला शंका यायला नको. हे एका झटक्यात जमलं नाही. तीन दुपारी लागल्या. रागाच्या भरात हात सुटला म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही. अक्षर अक्षर करून ती ओळ कुणी ऐकली असती तर खोटं तिथंच उघडं पडलं असतं. पण तो तसं ऐकणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी मी व्यवस्थित जेवले. नंतर त्याच्याकडूनच कळलं ते असं. दोन चुका त्यानं पटकन काढल्या. तिसरीपाशी परीक्षक म्हणाले, “ही ओळ पुन्हा ऐका.” त्यानं ऐकली. म्हणाला, बरोबर आहे. पुन्हा ऐका म्हणाले. तीनदा ऐकून तीनदा त्यानं बरोबर म्हणून सांगितलं, आणि वर वादही घातला. सगळ्यांसमोर सर म्हणाले, “अहो, हे तर पहिल्या धड्यातलं आहे.”

तो आला शनिवारी, जामसांवलीच्या गर्दीत उभ्यानं. दारातूनच म्हणाला, “आई घरी हाय का?” आई विहारात गेली होती. बाबा अंगणात होते. तो खुर्ची चाचपत बसला.

“काल घरी बसून मी ती ओळ अक्षर अक्षर करून ऐकली,” तो म्हणाला. “तू केलं ना?”

“हो.”

मी नाकारीन असं त्याला वाटलं असावं.

“काहून?”

“शिबिरात मी होती. मागच्या रांगेत. बाबा पण होते.”

त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. तो आवाज मी अजून विसरले नाही. इतकं गोड काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

“मी खोटं बोललो,” तो शेवटी म्हणाला. “चोरी केली म्हण. पण तू माह्या कानात खोटं घातलं. डोळेवाल्यानं केलं असतं तर मी समजलो असतो. तुले माहीत आहे आपल्याजवळ दुसरं काय असते?”

“माहीत होतं म्हणूनच तर केलं.”

“इतका राग होता त मले बोलली काहून नाही?”

“तू ऐकलं असतं, आणि माफी मागून भाकर मागितली असती.”

मी त्याला म्हटलं, आत्ता इथून सरांना फोन लाव. त्यानं लावला, स्पीकरवर. “सर, ते सेटिंग माह्यं नाही. सौसरच्या मुलीचं आहे, पूर्णच. मी तिच्याजवळ शिकलो.” सर म्हणाले, “आणि परीक्षेत काय झालं होतं तुमचं?”

मी खुर्चीच्या कडेवर आले. आता तो सांगेल. सांगू दे. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

“माह्यंच चुकलं, सर,” तो म्हणाला. “अक्षर तपासलं नाही मी.”

फोन ठेवला. मला त्याचा इतका राग आला, की तेवढा शिबिरातही आला नसेल. माझ्या सुडातली अर्धी मजा त्यानं त्या एका वाक्यात काढून घेतली आणि वर मोठा होऊन बसला.

“आता जुनी फाइल दे,” तो म्हणाला. “पण आधी सगळे शब्द वाचून दाखव. एक एक.”

“काहून?”

“तुह्यावर भरोसा नाही म्हणून.”

बरोबर होतं त्याचं. मी यादी उघडली आणि मोठ्यानं वाचत सुटले. चिन्ह, त्याचा शब्द, मग पुढचं चिन्ह. तीनशेच्या वर होती. मध्येच तो थांबवायचा, “हे परत.” मी परत वाचायची. घसा कोरडा पडला. आई विहारातून आली, चहा ठेवून गेली, आमच्या आवाजावरून तिला काय समजायचं ते समजलं असणार, कारण तिनं काही विचारलं नाही. त्याची पाचची बस गेली. सहाच्या बसला बाबांनी त्याला चढवून दिलं. जाताना त्यानं फाइल घेतलीच नाही.

आठवड्याभरात सरांचा मला फोन आला. आज मी त्यांच्याच केंद्रासाठी घरी बसून काम करते. नव्यानं शिकायला येणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हे सगळं बसवून देते. परीक्षेतलं खरं कारण मी सरांना अजून सांगितलेलं नाही. त्यानंही नाही.

पुढच्या वेळी तो पास झाला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. त्याच्यासोबत काम करणारी एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे शिकायला होती. ती म्हणाली, तो कुणाचंच सेटिंग वापरत नाही, यंत्रातल्या मूळच्या लांबलचक इंग्रजी नावांनीच काम करतो, आणि प्रत्येक ओळ दोनदा, अक्षर अक्षर करून ऐकतो. खूप हळू चालतं म्हणे त्याचं काम. बाकीचे त्याला चिडवतात.

“एवढं कशाला घाबरतो, कुणास ठाऊक,” ती हसत म्हणाली.

मी पण हसले, आणि तिला तिच्या लॅपटॉपवरच्या सुरांचा आवाज कमी-जास्त कसा करायचा ते दाखवायला लागले.