अण्णांचा चेंडू हवेत

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कधी चेंडू हवेत मारला नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार केला तोही तसाच, जमिनीला धरून. त्यामुळे मोबाइलवरच्या क्रिकेटमध्ये ते लागोपाठ सीमारेषेवर झेल द्यायला लागले तेव्हा मी आधी हसलो.

आमच्याकडे जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. त्यानंतर माझ्याच फोनवर आम्हा दोघांचा पाच षटकांचा सामना ठरलेला. या गेममध्ये बॅटचं बटण एकदा दाबलं की फटका जमिनीवरून जातो, लागोपाठ दोनदा दाबलं की उंच. अण्णा एकदाच दाबायचे आणि चेंडू उंच जायचा. बॅट ऐकंना झालीय, म्हणायचे.

मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस. सगळं खापर गेमवर फोडून मोकळा झालो. नवं अपडेट आलं होतं, त्यातच काहीतरी घोळ असणार. सेटिंग बदलली, गेम काढून पुन्हा टाकला, स्क्रीनगार्ड नवा बसवला, कंपनीला खरमरीत तक्रारही लिहिली. दर वेळी आधी मी खेळून बघायचो, आणि फटका मुकाट जमिनीवरून जायचा. फोन अण्णांच्या हातात दिला की पुन्हा उंच. एकदा तरी तो माझ्या हातात बिघडावा, असं मला मनापासून वाटायला लागलं.

मग नको ते दिसू लागलं. अण्णांनी चहा बशीत ओतणं सोडलं होतं. बटणांचे शर्ट कपाटात राहिले आणि अंगात रोज डोक्यावरून घालायचा झब्बा आला. उजवा हात सदानकदा खिशात. मी बघायचो आणि बघितलंच नाही असं दाखवायचो. आईला विचारायचा धीर होईना. ती हो म्हणाली असती तर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी ते दुसऱ्याच चेंडूवर झेल देऊन बाद झाले. मी पुन्हा सेटिंग उघडतोय म्हटल्यावर त्यांनी फोन काढून घेतला. खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझा पंजा धरला. पूर्वी सौद्यात असंच चालायचं. कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. लहानपणी ते माझ्याशी हाच खेळ खेळायचे. जितके दाब, तितका आकडा मी सांगायचा.

त्यांनी दाबलं.

"किती?"

"एक," मी म्हणालो.

"दिला एकच. तुला किती आलं ते सांग."

दोन आले होते. कदाचित तीन. मला लहान पोरासारखी भीती वाटली. टॉवेलाखाली त्यांचं बोट थांबत नव्हतं.

"यार्डात असा भाव दिला असता तर घर इकायला लागलं असतं," ते हसून म्हणाले. "उद्या मिरजेला डॉक्टरकडं जाऊ. तवर त्या गेमला शिव्या दिऊ नगंस."

मी मान हलवली. टॉवेल मात्र दोघांपैकी कुणीच काढला नाही.